मोटारीचा खोकला

माणूस आजारी पडला म्हणजे त्याच्या उशाशी जसे वैद्य गोळा होतात, तसे मोटार आजारी पडली की तिच्याही उशाशी होतात. फरक इतकाच, की माणसाच्या दुखण्यावर बोलणारे लोक सगळे काढे सुचवून झाल्यावर शेवटी तरी "पण एकदा डॉक्टरला दाखवा हो" असे म्हणतात. मोटारीच्या बाबतीत ही पायरी येतच नाही. विश्वास नसेल तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कार्ला फाट्याजवळ मोटारीचे बॉनेट उघडून पाच मिनिटे उभे राहून पाहा. एक रिक्षावाला थांबेल, एक दूधवाला थांबेल, एकवीरेच्या दर्शनाला निघालेले एक अख्खे कुटुंब थांबेल, आणि प्रत्येक जण आत डोकावून एकच निदान सांगेल : "पेट्रोलमध्ये कचरा आलाय."

२०२५ सालच्या गणपतीनंतरचा दीड महिना मी हे निदान इतक्या वेळा ऐकले, की पुढे पुढे कुणी मोटारीजवळ आला की मीच आधी "हो, कचराच आहे" असे सांगून मोकळा होत असे. त्यामुळे गर्दी लवकर पांगते. कुणालाही ज्या वेळी हा प्रसंग येईल त्या वेळी त्याने हा उपाय जरूर करून पाहावा.

मोटार माझी नव्हे. ती माझ्या काकांची. त्यांनी १९५२ साली, ऐन सत्ताविशीत, मुंबईत घेतलेली एम. जी. टी. डी. हे नाव ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, त्यांनी जुन्या सिनेमातल्या श्रीमंत नायकाची गाडी आठवावी. लांब नाक, दोन्ही बाजूंनी उतरत गेलेले मडगार्ड, पाय ठेवायला फळी, पाठीला बांधलेले जादा चाक, डोक्यावर कापडी टप आणि बसायला जागा फक्त दोघांना. तिसरा माणूस आला तर त्याने आगगाडीने यावे. इंजिन साडेबाराशे सी. सी.चे, चार सिलिंडरांचे, ५४ अश्वशक्तीचे. आजच्या साध्या कौटुंबिक गाडीतसुद्धा याहून जास्त घोडे जुंपलेले असतात. पण ते मुकाट्याने चालतात. काकांचे घोडे खिंकाळत असत.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९४९ अखेर ते १९५३ या काळात अशा सुमारे तीस हजार मोटारी तयार झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. हिंदुस्थानच्या वाट्याला आल्या त्या थोड्याच. तो कारखानाही १९८० साली बंद झाला. आज आपल्या रस्त्यावर एम. जी. नावाच्या ज्या मोटारी धावतात त्यांचे नाव तेवढे ते, घराणे दुसरे. काकांनी गाडी घेतली आणि दोन वर्षांच्या आतच, म्हणजे १९५४ साली, जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही बड्या कंपन्यांनी इथला जोडणीचा गाशा गुंडाळला. विलायती मोटार ही चीज हळूहळू दुर्मीळ होत गेली. सुटे भाग बोटीने मागवायचे, ते येईपर्यंत हातातले घासून वापरायचे, आणि आले की जुनेही फेकायचे नाहीत, असा काकांचा शिरस्ता पडला. त्या न फेकलेल्या भागांचा एक बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

काका २००१ साली गेले. तेव्हापासून गाडी लोणावळ्याला, तुंगार्लीच्या बंगल्यामागच्या पडवीत उभी होती. वर्षातून दोनदा मिस्त्री येत, तिला अंगणात फिरवून आणत आणि पुन्हा पांघरूण घालून ठेवत. बंगल्यात काकू एकट्या राहतात. वय ८९, पण सकाळचे वर्तमानपत्र आणि संध्याकाळचा फिरणे-पाण्याचा क्रम चुकवीत नाहीत.

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. हा आकडा भूगोलाच्या पुस्तकात छान दिसतो. छपराखाली बसून तो मोजणे वेगळे. २०२५ च्या पावसाने बंगल्याच्या मंगलोरी कौलांखालचे वासे पार कुजवून टाकले. माजघरात तीन पातेली आणि एक परात मांडून काकूंनी आषाढ-श्रावण काढला. गणपतीत कंत्राटदाराने छपराचा आकडा सांगितला, तो ऐकून त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पुण्याहून बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "गाडी विकायची."

गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. जुन्या मोटारींचा शौक असलेले मुंबईचे एक गृहस्थ गेली चार वर्षे मागे लागलेले होतेच. गाडी आहे त्या स्थितीत उचलून, ट्रकवर घालून नेण्याची त्यांची तयारी होती. पण काकूंना ते मान्य नव्हते.

"बंद पडलेली विकायची नाही. लोक म्हणतील, नवरा गेला आणि हिनं गाडी भंगारात घातली. चालती करून विकायची. आणि विकण्याआधी मला एकदा खोपोलीहून घाट चढवून आण. यांच्याबरोबर चढलेय तशी."

म्हणजे आमची अवस्था चमत्कारिक झाली. मुलगी सासरी जायची म्हणून तिची प्रकृती सुधारायची! गाडी जितकी लवकर बरी होईल तितकी लवकर ती घरातून जाणार. मिस्त्रींना हे मी सांगितले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. फक्त पाने उघडण्याच्या पट्टीपासून सुरुवात करून सगळी हत्यारे त्यांनी एकदा धुऊन पुसून ठेवली.

मिस्त्रींविषयी सांगितले पाहिजे. आय. एन. एस. शिवाजी ही नौदलाची इंजिनियरिंग शिकवणारी संस्था १९४५ सालापासून लोणावळ्याला आहे. समुद्रापासून इतक्या उंचावर, डोंगरात नौदल काय करते, असा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पडतो. मिस्त्री तिथल्या वर्कशॉपात तीस वर्षे होते. जहाजाच्या इंजिनापासून पिठाच्या गिरणीपर्यंत कोणतेही फिरणारे यंत्र त्यांना परके नाही. काकांची आणि त्यांची मैत्री या गाडीवरून जमली आणि गाडीखालीच वाढली. आता त्यांचे वय ७८. हाताला कंप नाही, नजर चष्म्याने ठीक आहे. पण ऐकू येणे वयाप्रमाणे फार कमी झाले आहे. आणि दोन कार्बोरेटरांची मोटार ही कानाने दुरुस्त करायची गोष्ट आहे. तेव्हा असे ठरले, की अक्कल त्यांची आणि कान माझे.

"दादा, कान लावा. काय म्हनतोय?" हे वाक्य मी त्या दीड महिन्यात किती वेळा ऐकले असेन! आणि इंजिन काय म्हणते ते शब्दांत सांगायचे म्हणजे मराठीची परीक्षाच. 'आवाज येतोय' हे उत्तर चालत नसे. फुसफुस की सूं सूं, खडखड की टकटक, कण्हणे की घोरणे, हे नीट सांगावे लागे. आपल्या भाषेत या शब्दांची श्रीमंती किती आहे हे मला साठी उलटल्यावर, बॉनेटखाली डोके घालून कळले.

आता दुखणे काय होते ते ऐका. सकाळी गार असताना गाडी पहिल्या दमात चालू होई. तुंगार्लीहून निघून वळवण ओलांडीपर्यंत अशी पळे, की काका आठवावे. मावळात भाताची पिके पोटरीला आली होती, दोन्ही बाजूंना ओला हिरवा वास, समोर लोहगड-विसापूरची जोडी ढगांत अर्धी बुडालेली. मन अगदी प्रसन्न व्हावे. पंधरा-वीस मिनिटे झाली, कार्ला फाटा जवळ आला, की पहिला खोकला. मग दुसरा. मग कार्बोरेटरातून उलटी शिंक. मग खोकल्याची उबळ, आणि रस्त्याच्या कडेला गप्प. अर्धा तास थांबले, की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू. पुन्हा पंधरा मिनिटे. अशा हिशोबाने लोणावळ्याहून मुंबईला जायला बैलगाडीपेक्षा थोडा कमी वेळ लागला असता.

कायद्याने मात्र आम्हाला धीर दिला. २०२१ साली झालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते, आणि अशी मोटार रोजच्या कामाला नाही, तरी प्रदर्शनासाठी, पेट्रोल भरण्यासाठी आणि देखभालीसाठी रस्त्यावर आणता येते. आमची तर देखभालीवाचून दुसऱ्या कशासाठी रस्त्यावर येतच नव्हती.

मिस्त्रींची पद्धत अशी, की दुखण्याचे नाव आधी घ्यायचेच नाही. इंजिनाला जगायला पेट्रोल, ठिणगी आणि दाब ही तिन्ही लागतात, आणि तीही आपापल्या वेळेवर. दाब पहिल्याच दिवशी मोजून झाला होता. चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. उरले दोघे. आणि पुष्कळसे लोक कार्बोरेटर उघडून बसतात तेव्हा चोर दुसऱ्याच घरात असतो, असे मिस्त्रींचे मत. ठिणगीचा दोष आणि पेट्रोलचा दोष हे जुळे भाऊ आहेत. दोघेही खोकतात, दोघेही गरम झाल्यावर रुसतात. त्यांना ओळखायचे तर गाडी बंद पडल्या क्षणी ओळखावे लागते. घरी आणून, गार करून, चहा पिऊन तपासायला बसलात की दोघेही साधुसंत.

म्हणून चौथ्या दिवशी मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन माझ्या शेजारी बसले आणि आम्ही गाडी बंद पाडायला निघालो. कार्ला फाट्याने निराश केले नाही.

"किल्ली तशीच ठेवा, दादा. पंप काय म्हनतोय?"

इथे या पंपाची ओळख हवी. पेट्रोलची टाकी गाडीच्या पाठीला असते आणि तिथून पेट्रोल ओढून आणणारा विजेचा छोटा पंप पुढे, इंजिनामागच्या भिंतीवर. किल्ली फिरवली की तो टक् टक् टक् असा बोलू लागतो. कार्बोरेटरांच्या वाट्या भरल्या की गप्प बसतो. इंजिन पेट्रोल पिऊ लागले की जेवढे प्याले तेवढे भरण्यापुरता अधूनमधून टक् करतो. इतका स्पष्टवक्ता भाग त्या मोटारीत दुसरा नाही.

मी कान लावला. पंप गप्प होता.

"म्हनजे वाट्या भरल्यात," मिस्त्री म्हणाले आणि खात्रीसाठी एका वाटीचे झाकण उघडून त्यांनी दाखवले. पेट्रोल काठापर्यंत, तळ दिसेल असे स्वच्छ. तेवढ्यात थांबलेल्या रिक्षावाल्याने "पेट्रोलमध्ये कचरा..." असे सुरू केले होते, तो वाटीत पाहून निघून गेला.

मग एका प्लगची तार काढून तिचे टोक इंजिनाच्या अंगापासून पाव इंच दूर धरायचे आणि इंजिन फिरवायचे. ठिणगी निळी, जाडसर आणि चट् चट् आवाज करीत पडली पाहिजे. आमची पडली ती निरांजनाच्या ज्योतीसारखी पिवळी, बारीक, तीही तीन वेळा बोलावल्यावर एकदा. पेट्रोल सुटले, ठिणगी पकडली गेली.

पण ठिणगीचे घर म्हणजे एकत्र कुटुंब. बॅटरी, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, त्यात पॉइंट, पॉइंटशेजारी कंडेन्सर, वर टोपी, मग तारा, मग प्लग. मिस्त्रींनी आधी कॉइल बदलून पाहिली. फरक नाही. मग डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून, किल्ली चालू ठेवून त्यांनी वाळलेल्या काडीने पॉइंट उघडले. पॉइंटांच्या मध्ये केवढी तरी जाळ झाल्यासारखी ठिणगी पडली. प्लगवर पडायला हवी ती ही! ते माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसले.

हा कंडेन्सर म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी पत्र्याची डबी. आत पातळ पत्रा आणि कागदाची गुंडाळी. काम एकच, पण मोठे. कॉइलमधून जाणारी वीज पॉइंट उघडले की एकदम तुटली पाहिजे. ती जितकी झटकन तुटेल तितकी प्लगवर जोराची ठिणगी. पण वीज सहजासहजी तुटत नाही; उघडणाऱ्या पॉइंटांमधून उडी मारू पाहते. त्या क्षणी कंडेन्सर तिला आपल्या पोटात घेतो. गावातल्या भांडणात एखादा शांत माणूस दोन्हीकडचे ऐकून घेतो ना, तसा. त्याचे पोट बिघडले की सगळा जाळ पॉइंटांवर, आणि प्लगापर्यंत नुसता धूर.

गंमत अशी, की आमच्या गाडीतला कंडेन्सर नवा कोरा होता. दोनच महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका दुकानातून आणलेला, चकचकीत डबीतला. गार असताना तो निर्दोष होता. संशयिताला पकडायचे तर गरम करून पकडायला हवे. मिस्त्रींनी तो काढला, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घट्ट बांधला आणि काकूंच्या स्वयंपाकघरात चहाच्या आधणात सोडला. त्यांच्याजवळ जुना, हँडल फिरवून चालवायचा मेगर आहे. विजेची गळती मोजण्याचे यंत्र. आधणाआधी सुई एका टोकाला ठाम होती. पाणी तापू लागले तशी ती घसरू लागली, आणि दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"काय शिजवताय?" काकू दारातून म्हणाल्या.

"चोर, वैनी," मिस्त्री म्हणाले.

मग बिस्किटांचा डबा आला. त्यात चिंध्यांत गुंडाळलेले, काकांच्या अक्षरात तारखा लिहिलेले चार कंडेन्सर निघाले. त्यांतला एक १९६४ सालचा. चौघांनाही आधण दाखवले. दोघे फुटले, १९६४चा आणि दुसरा एक असे दोघे सुईला हलू देईनात. साठ वर्षे चिंधीत झोपलेला तो पोक्त माणूस पॉइंटांशेजारी बसला आणि त्या दिवसापासून कार्ला फाटा, मळवली, कामशेत ही नावे आमच्या दृष्टीने पुन्हा फक्त गावांची नावे झाली.

जुने ते सगळे चांगले आणि नवे ते सगळे वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच डब्यातल्या रबरी नळ्या हातात घेताच भाकरीच्या तुकड्यासारख्या मोडल्या.

पुढचे आठ दिवस कार्बोरेटरांचे. दोन कार्बोरेटर म्हणजे एका रथाचे दोन बैल. एक जास्त ओढू लागला की दुसरा अंग चोरतो. हे एस. यू. जातीचे कार्बोरेटर. त्यांचे जनक स्किनर बंधू हे लंडनच्या जोडे विकणाऱ्या घराण्यातले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी केलेल्या पहिल्या कार्बोरेटरात पिस्टनाच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. चांभाराच्या कलेतून लोहाराची वस्तू! पुढे भात्याऐवजी धातूचा पिस्टन आला, पण तत्त्व तेच राहिले. इंजिन जितकी हवा ओढील तितका पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई भोकातून वर सरकते आणि तितकेच पेट्रोल जास्त येते. किती खावे हे जेवणाऱ्यानेच ठरवायचे.

दोघे सारखी हवा ओढतात की नाही हे पाहायला रबराची नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरे कार्बोरेटराच्या तोंडाशी. काका हे करीत, मिस्त्री हे करीत, आता मी. पुढचा 'सूं' म्हणत होता आणि मागचा 'सुस्स'. मी सांगायचे, मिस्त्रींनी स्क्रू अर्धा पेर फिरवायचा, पुन्हा कान. संध्याकाळपर्यंत दोघेही एका सुरात आले. मग पिस्टन पेचकसाने किंचित उचलून पाहायचा : इंजिन क्षणभर वेगात जाऊन पुन्हा मूळ चालीवर आले तर मिश्रण बरोबर, वेग चढला तो चढलाच राहिला तर पेट्रोल जास्त, दम टाकला तर कमी. शेवटी प्लग काढून त्यांचा रंग पाहायचा. काजळी धरली तर खाणे जास्त, चुन्यासारखा पांढरा तर उपास, आणि मारी बिस्किटासारखा असला म्हणजे चहा घ्यायला हरकत नाही.

या सगळ्यात मिस्त्रींनी दोन गोष्टींचा विचार केला होता, ज्या काकांना करायचे कारण नव्हते. एक, लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशेवीस मीटर उंच, हवा थोडी विरळ. इथे बरोबर बसवलेले मिश्रण खाली खोपोलीला, दाट हवेत, थोडे उपाशी पडते. दुसरी गोष्ट उसाची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि आपल्या महाराष्ट्रात ते बरेचसे उसातून येते. काकांची गाडी म्हातारपणी साखर कारखान्याच्या नादी लागली म्हणायची. इथेनॉलला पेट भरायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते; म्हणजे जुन्या मापाने पेट्रोल सोडले तर पुन्हा उपासच. जुन्या रबराला तर ते मानवतच नाही. म्हणून नळ्या नव्या जातीच्या घातल्या आणि जेटची चाकी थोडी सढळ हाताने फिरवली.

चाकीवरून आठवले. या इंजिनाच्या बोल्टांची डोकी इंग्रजी मापाची आणि आटे मात्र फ्रेंच, मिलीमीटरचे! कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात ही इंजिने होत, तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. मॉरिसने तो १९२३ साली विकत घेतला, पण आटे पाडायची यंत्रे फ्रेंचच राहिली. मग पान्यांसाठी डोकी तेवढी इंग्रजी केली. नवा बोल्ट बाजारातून आणताना दुकानदार आपल्याकडे कसा पाहतो, ते अनुभवल्याशिवाय कळायचे नाही.

वसुबारसेच्या आधीच्या रविवारी काकूंना घेऊन निघालो. मुंबईचे गृहस्थ बुधवारी येणार होते. काकूंनी इरकली नेसली होती, डोक्याला रुमाल बांधला होता आणि मांडीवर एक जुनी कापडी पिशवी होती. मागून मिस्त्री त्यांच्या भाच्याच्या मोटारीत. खंडाळ्याच्या उतारावर काकू वर पाहत म्हणाल्या, "पूल कुठं गेला?" अमृतांजनच्या जाहिरातीमुळे ज्याला ते नाव पडले तो, १८३० सालचा दगडी पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. त्यांना ते माहीत होते. वर्तमानपत्रात वाचले होते. सवयीने मान वर गेली, एवढेच. "तो दिसला की हे म्हणायचे, आता घर आलं."

खोपोलीला वडा खाल्ला, चहा घेतला. ऑक्टोबरचे ऊन, दुपारचे साडेबारा. त्या अर्ध्या तासात इंजिन बंद होते आणि बॉनेटखालची सगळी ऊब आतल्या आत मुरत होती. घाट सुरू झाला. पहिली तीन वळणे दुसऱ्या गिअरवर अशी चढली, की ट्रकवाल्यांनी हात केले. काकू ताठ बसल्या होत्या. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे दम कमी झाला. खोकला नाही, शिंक नाही. कुणी हळूहळू गळा आवळावा तशी गाडी मंदावत गेली आणि थांबली.

माझ्या मनात पहिला विचार १९६४च्या कंडेन्सरचा आला. पण किल्ली तशीच होती, आणि पंप बोलत होता. टकटकटकटकटक. थांबायलाच तयार नाही. कार्ला फाट्याला तो गप्प होता. इथे त्याची जीभ टाळ्याला लागत नव्हती. म्हणजे वाट्या रिकाम्या, आणि पंप पेट्रोल नव्हे तर पेट्रोलची वाफ ओढीत होता. टाकी पाठीला, पंप पुढे इंजिनाच्या उबेत, आणि मधल्या लांब नळीतून ओढून आणायचे म्हटले की नळीतला दाब कमी होतो. दाब कमी झाला की पेट्रोल एरवीपेक्षा लवकर उकळते. कार्बोरेटरही एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसलेले. तहानलेल्याच्या हातात वाफेचा पेला!

मी उतरून बॉनेट उघडले. मागे मिस्त्रींची गाडी एका कंटेनरच्या पाठीमागे अडकून दिसेनाशी झाली होती.

"टकटक फार करतोय का रे?" काकूंनी आतूनच विचारले.

"फार."

त्यांनी कापडी पिशवी उघडली. आतून घडी केलेला सुती पंचा आणि पाण्याची बाटली निघाली. "भिजव आणि पंपावर ठेव. नळीवरूनही गुंडाळ. पूर्वी मी तांब्या घेऊन बसत असे. मे महिन्यात इथं नाही तर वरच्या वळणाला, दोन्हीपैकी एका ठिकाणी ती बसायचीच."

पंचा गुंडाळला. पाणी वाफ होऊन उडू लागले, पुन्हा भिजवला. आम्ही दोघे कठड्याशी उभे राहून ऐकत होतो. टकटकटकटक. टकटकटक. टक टक. टक्... टक्. आणि गप्प. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी किल्ली फिरवली आणि इंजिन लागले.

शिंग्रोबापाशी पुन्हा थांबलो, या वेळी आपण होऊन. इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून गोळी खाल्लेला, अशी त्याची कथा सांगतात. घाटातले ड्रायव्हर त्याला नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. काकूंनी पिशवीतून जुनी आठ आण्यांची नाणी काढली. ती आता कुठेच चालत नाहीत. "यांच्या कोटाच्या खिशातली आहेत," त्या म्हणाल्या आणि पाच टाकली. एवढ्यात मिस्त्री येऊन पोचले. धावतच उतरले, ओला पंचा पाहिला आणि काकूंना नमस्कार केला. एकदाच पंचा भिजवून आम्ही वर आलो.

बुधवारी गृहस्थ आले. चांगले होते, हात लावण्याआधी विचारत होते. त्यांनी गाडी वळवणपर्यंत नेऊन आणली, खूष झाले आणि काही दोष आहे का, असे विचारले. मी बोलणार तो काकूच म्हणाल्या, "घाटात तहान लागते तिला. ओला पंचा जवळ ठेवा." त्यांनी ते मोबाईलमध्ये लिहून घेतले. मिस्त्रींनी त्यांना पॉइंट, कंडेन्सर, पंप सगळे समजावले आणि बिस्किटांचा डबा स्वाधीन केला. दुसरा चांगला कंडेन्सर मात्र चिंधीसकट खिशात राहिला. "एक माझ्याकडं असू द्या," ते म्हणाले. "मुंबईत कुठं मिळतोय? लागला तर फोन करा, मी घेऊन येईन." गाडी ट्रकवर गेली नाही, चालत गेली. फाटकाबाहेर वळली तेव्हा मिस्त्री हात कानामागे धरून उभे होते. "बराबर चालली का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "एका सुरात."

पाडव्यानंतर कौले उतरली आणि वासे बदलले. पडवीत आता जुन्या कौलांची चवड लावली आहे. मिस्त्री अजून दर गुरुवारी येतात, चहा घेतात. परवा काकूंचा मिक्सर मध्येच बंद पडू लागला. पाच मिनिटे चालतो, गरम होतो, थांबतो. शेजारच्या बाईंनी नवा घ्या म्हणून सांगितले. मिस्त्रींनी चष्मा लावला, मिक्सर ओट्यावरून खाली घेतला आणि मला हाक मारली.

"दादा, कान लावा. काय म्हनतोय?"